रेंजबाहेरचे तीन तास

कृष्णा बोरकर सतरा वर्षं अमेरिकेत अ‍ॅशबर्नच्या एका डेटा सेंटरमध्ये होते. काहीही बंद पडलं की फोन बोरकरांना. लेकीचं, चैत्रालीचं अरंगेत्रम, म्हणजे भरतनाट्यमचा पहिला जाहीर कार्यक्रम होता तेव्हाही ते पार्किंगमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. घुंगरू भिंतीपलीकडून तेवढे ऐकू आले. बायकोने, शैलजाने, त्यावर बोलणंही सोडून दिलं होतं. हाताखालच्या अदितीला त्यांनी सगळं काम शिकवलं, पण फोन कधी तिच्याकडे सोपवला नाही.

मार्चमध्ये कामासाठी ते नेवाडाला गेले. काम दुपारीच आटोपलं. विमानतळाकडे निघाले तर पुढे दरड कोसळून रस्ता बंद. दोन-तीन तास तरी लागतील, असं पोलिसाने सांगितलं. शेजारीच वाळवंटातल्या एका लाल घळीचं छोटं पार्क होतं. पाय मोकळे करावेत म्हणून बोरकर ऑफिसच्या बुटांनिशीच आत शिरले.

चालता चालता बरंच आत गेल्यावर लक्षात आलं, फोनला रेंज नाही. ते तडक मागे फिरणार, तोच पुढून हाक आली. दगडावर सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. नाव मार्गारेट, पूर्वी शाळेची बस चालवायच्या. घोटा मुरगळला होता आणि सोबत कोणी नव्हतं. मदत घेऊन येतो, असं बोरकर म्हणाले. पण नुसता खांद्याचा आधार दिलात तरी चालेन, असं बाईंचं म्हणणं पडलं.

मैलभर वाटेला दीड तास लागला. मध्येच बाई थांबायच्या. कपारीत कुठेतरी एक पक्षी वरून खाली घसरत येणारी शीळ घालत होता, ती त्यांना ऐकवायच्या. बोलता बोलता बोरकरांनी कधी कुणाला न सांगितलेलं त्या अरंगेत्रमचं सांगून टाकलं.

"मग आत्ता तुमच्या कामाकडे कोण बघतंय?" बाईंनी विचारलं.

"कोणीच नाही," बोरकर म्हणाले आणि त्यांनी फोन काढून पाहिला. रेंज अजूनही नव्हती.

फाटकाशी पार्कच्या माणसांनी बाईंना खुर्चीत बसवून घोट्यावर बर्फ धरला. इकडे बोरकरांचा फोन थरथरू लागला. कूलिंग बंद पडल्याचा अलार्म. अदितीचे चार कॉल. मग तिचा मेसेज: 'काका, बॅकअपवर घेतलंय. सगळं सुरू आहे. तुम्ही ठीक आहात ना?'

बोरकरांचा जीव भांड्यात पडला. आपल्यावाचून काही अडलं नाही तर वाईट वाटेल, असं त्यांना नेहमी वाटायचं. तसं काहीच झालं नाही. खांद्यावरून पोतं उतरवल्यासारखे ते तिथेच कठड्यावर बसले आणि अदितीला फोन लावला.

"शनिवार-रविवारचा फोन यापुढे तू घेशील?"

"काका, दोन वर्षं वाट बघतेय मी."

मग त्यांनी घरी फोन केला. शैलजाने आधी जेवलास का ते विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी त्या शिळेसकट, आणि शनिवार-रविवारचा फोन आता अदितीकडे, हेही.