मला वाटलं, तिचा उपास आहे

"ओव्हेरियन कॅन्सर, स्टेज फोर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, "नाही हो. ती उपास करते, म्हणून वाळलीय."

कोणी हसलं नाही. माझी मुलगी नीना हळूच म्हणाली, "बाबा, प्लीज." माझी बायको ओल्हा खाली मान घालून स्वेटरची बटणं लावत बसली.

ओव्हरी म्हणजे बायकांच्या पोटात गर्भपिशवीच्या दोन्ही अंगांना असते ती, जिथं अंडी तयार होतात. स्टेज फोर म्हणजे रोग तिथून निघून लांब पोचलेला. तिच्या फुप्फुसाभोवती पाणी झालं होतं, त्यात सापडला.

तुमच्यापैकी कुणावर ही वेळ येईल म्हणून लिहितो. मी चौथी शिकलेला. चुका असतील तर असू देत.

ओल्हाचे आईबाप युक्रेनचे. दुसऱ्या महायुद्धात गावातून उपटले गेले. ही निर्वासितांच्या छावणीत जन्मली आणि आईच्या कडेवर बसून अमेरिकेत आली. मी वेंगुर्ल्याकडचा, बोटीवर खलाशी. पाय मोडला म्हणून मला बाल्टिमोरला उतरवलं, तो इथंच राहिलो. ब्रेडच्या कारखान्यात मी भट्टीवर आणि ती पॅकिंगला. लग्न केलं तेव्हा दोन्ही घरं रडली.

तिच्या आईनं लहानपणी भूक बघितली होती. शेजारचं आख्खं घर उपाशी मेलेलं बघितलं होतं. म्हणून आमच्याकडं ब्रेडचा तुकडा खाली पडला तर ओल्हा उचलून ओठांना लावायची आणि खायची. नीनाला पण तेच शिकवलं. पोरीनं शाळेत तसं केलं, पोरं हसली, घरी येऊन आईवर चिडली. ओल्हा म्हणाली, "लाज वाटली? वाटू दे. अन्न टाकायचं नाही."

अशी बाई उपास मात्र कडक करायची. ईस्टरच्या आधी चाळीस दिवस मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. नाताळच्या आदल्या दिवशी आभाळात पहिला तारा दिसेपर्यंत तोंडात काही नाही. माझी आई संकष्टीला चंद्र बघून सोडायची, ही तारा बघून. आईला हे कळलं तेव्हा तिनं शेजाऱ्याकडून पत्र लिहून घेतलं, "सून आपल्यातलीच निघाली." तेव्हापासून ओल्हा सासूसाठी म्हणून एकादशी पण धरायला लागली. मी जन्मात एक उपास केला नाही. मी तिची साबुदाण्याची खिचडी तेवढी खायचो. आता आम्ही मॉरिसव्हिलला नीनाकडं राहतो. इथल्या मराठी मंडळात मी मिरवायचो, "तुमच्या बायकांचे उपास म्हणजे बटाट्याचा सण. माझीचे बघा."

यंदा ईस्टरच्या आधी ती दोन घास खाऊन थांबायला लागली. "पोट भरलं," म्हणायची आणि उरलेलं माझ्या ताटात सरकवायची. टाकायचं नाही ना! मी खायचो. तिचं वजन माझ्या अंगावर चढलं.

ईस्टर आला. उपास संपला. सणाच्या दिवशी तिनं अर्धं अंडं खाल्लं. नीना म्हणाली, "मॉम इज नॉट ईटिंग." मी म्हणालो, "सवय मोडलीय, खाईल हळूहळू." तिचे गाल बसले होते आणि स्कर्टचा हूक लागत नव्हता. मी म्हटलं, "म्हातारपणी दिवस गेले की काय?" ती हसली, मी पण हसलो. ते हसणं मला आता झोपू देत नाही.

नीनानंच अपॉइंटमेंट घेतली. अल्ट्रासाउंड झालं, सीटी स्कॅन झाला. सीए वन ट्वेंटी फाइव्ह नावाची रक्ताची तपासणी झाली, तो आकडा खूप वर होता. पोटात पाणी होतं, त्याला असायटीस म्हणतात. सुई घालून ते काढलं. बाटल्यांमागून बाटल्या भरल्या. मला ते तिचं पोट वाटत होतं.

मग केमो. केस गेले. वेटिंग रूममध्ये ती मला म्हणाली, "आता आपण दोघं टकले. फोटो काढ." मी काढला नाही. काढायला पाहिजे होता.

तिसऱ्या केमोनंतर ओकाऱ्या थांबेनात. बॉवेल ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे आतडं अडकलं. गाठी बाहेरून दाबत होत्या. नाकातून नळी घालून पोटातलं बाहेर काढत होते. दारावर लिहिलं होतं, एनपीओ. म्हणजे तोंडानं काही द्यायचं नाही.

मला ते सहन होईना. इतके दिवस मी तिला उपाशी बघत बसलो होतो, आता पुन्हा तेच? मी थर्मासमधून तांदळाची पेज नेली. नर्स बाहेर गेल्यावर चमच्यानं भरवली. ओल्हानं तोंड उघडलं. तिला नको होती. माझ्यासाठी गिळली. पाच चमचे.

तासाभरात उलटी झाली आणि श्वासनळीत गेली. ती निळी पडली. माणसं धावत आली, मला भिंतीकडं ढकललं. न्यूमोनिया झाला. ते मी केलं. इथं लपवत नाही.

डॉक्टरीणबाई रागावतील असं वाटलं. त्या माझ्याजवळ खुर्ची ओढून बसल्या. म्हणाल्या, "तुम्ही भरवलं नाही म्हणून त्या जात नाहीयेत. शरीर आवरतं घेतंय, म्हणून भूक गेलीय. आता अन्नाचा त्रासच होईल." पुढं म्हणाल्या, "आधी आला असतात तर काय झालं असतं, मला सांगता येणार नाही." खोटा धीर दिला नाही, त्याबद्दल त्यांचे उपकार.

ओल्हा शुद्धीवर आली तेव्हा मी म्हटलं, "मला माफ कर. मला वाटलं, उपास आहे." ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, "मला पण वाटलं, म्हाताऱ्या. मला वाटलं, देव मदत करतो, भूक लागत नाही."

मी बाहेर जाऊन कठड्याला धरून रडलो.

नंतर हॉस्पिस. म्हणजे इलाज बंद, फक्त दुखू द्यायचं नाही. घरी आणली. हॉस्पिसची नर्स मला म्हणाली, "तुमच्या हातांना काम पाहिजे ना? हे घ्या." तिनं काडीला लावलेला ओला स्पंज दिला, ओठ भिजवायला. आणि पायाला तेल लावायला सांगितलं. त्या बाईनं मला वाचवलं.

बाईमाणसानं दोन घासांत पोट भरलं म्हटलं, अंग वाळलं आणि पोट फुगलं, तर देवाधर्माला मध्ये आणू नका. पंधरा दिवस असं चाललं की उचला आणि डॉक्टरकडं न्या. मंडळात मी आता काकूंना तोंडावर विचारतो, "भूक लागते का?" त्या दुसऱ्या टेबलावर जाऊन बसतात. बसू देत. विचारतो.

घरी ती आठ दिवस होती. मी ओठ भिजवले, पायांना तेल लावलं. नीना आईचा हात धरून बसायची. स्वयंपाकघरातून वास आला की माझ्या जिभेवर शब्द यायचा, मी तो गिळायचो. आठ दिवसांत मी तिला एकदाही खा म्हटलं नाही.