खाज मानेची, खूण कॉलरची

पयले हे आयका, बाकी कामं मंग करा. मले आत्ताच सांगणं हाय, कारण वाचणाऱ्यातल्या कोणाची तरी मान या घडीले खाजत असन, अन् घरचं कोणी त्याच्यावर बिब्बा लावाले निघालं असन. लावू देऊ नका!

अकोल्याच्या दवाखान्यात चामडीच्या डॉक्टरीणबाईनं माह्यी मान पाह्यली अन् म्हणे, "शर्ट काढ." मले वाटलं आता पाठ पाह्यतीन. त्यायनं शर्टच पाह्यला. कॉलर उलटी केली. आतून काळी खूण होती, दोन ठिपके अन् एक रेघ.

"धोब्याची खूण आहे ना? कशानं करतो तो?"

"बिब्ब्यानं."

"मग हा महारोग नाही रे बाळा. हा तुझ्या कॉलरचा रोग आहे."

कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात याले. म्हणजे एखादी चीज आंगाले लागते, आंगाले ते सोसत नाही, अन् चामडी पेटते. एकाचं दुसऱ्याले लागत नाही. मी तसाच उघडा बसून राह्यलो. इतक्या दिवसायचा थकवा एकदमच आंगावर आला.

झालं असं. मंगरूळपीरच्या कचेरीत टायपिस्टची जागा निघाली. माह्या हाताले स्पीड हाय, परीक्षा पास झालो. आमच्या घरी कपडे घरीच धुतात, पण सायबापुढं जाचं तं इस्त्री पायजे, म्हणून दोन्ही नवे शर्ट परीटकाकाकडं देल्ले. त्यायच्याकडं गावभराचे कपडे येतात. कोणाचा कोणता हे कळाले ते बिब्ब्याले सुई टोचतात अन् त्याच्या रसानं कॉलरवर खूण करतात. किती धुवा, जात नाही.

नोकरीचा कागद आला तवा मानेवर बारीक पुरळ होतं. कागदात लिहेल होतं, महिन्याभरात मेडिकल फिट सर्टिफिकेट आना, तवाच रुजू व्हा. आठ दिवसात मान लाल, ओली, केसायच्या कडेपर्यंत.

मंग सारेच डॉक्टर झाले. एक म्हणे गजकर्ण. दुसरा म्हणे चाई हाय, आता केस जातीन. शेजारची काकू म्हणे, "डोक्शातला कोंडा मानेवर उतरला, बापा." महारोग कोणी तोंडानं म्हटलं नाही, नुसते सरकून बसले.

माह्या मायनं बिब्बा काढला. आमच्याकडं टाच फुटली, गुडघा दुखला, काटा रुतला, बिब्बाच. दिव्यावर गरम केला अन् तेल मानेले लावलं. "चटका बसन थोडा. रोग जळून जाईन." दुसऱ्या दिवशी कानापर्यंत फोड आले, डोये सुजले. माय म्हणे, "पाह्य, आतला बाहीर येऊन राह्यला," अन् अजून लावलं. मीही मान वाकवून देल्ली. जे चामडीले जाळून राह्यलं होतं तेच आमी वरून ओतत होतो.

टायपिंगच्या क्लासात माठावरचा गिलास होता. एक दिवस पोट्टे म्हणे, "तू पाणी घरूनच आनत जाय ना बे." बाबाले सांगतलं. बाबा बिडी विझवून म्हणे, "आमच्या वक्ताले गिलास जातीनं वेगळा होता, तुह्या वक्ताले खाजीनं झाला. शिकून तेवढी तरक्की झाली." हासले, पण मंग जेवले नाही.

अकोल्याले दोन चकरा झाल्या. पयल्या खेपेले नंबरच लागला नाही. बाकावर बसून बसून माणूस आपल्या बिमारीलेही कटाळते. रुजू व्हाले बारा दिवस उरले होते, तवा ते कॉलर उलटी झाली.

इलाज साधा होता. मिठाच्या पाण्याच्या थंड्या पट्ट्या, मलम, खूण कापून टाकाची, अन् बिब्बा बंद. पाचव्या दिवशी पयल्यांदा हात मानेकडं गेला नाही. मायनं बिब्ब्याचा डबा फेकला नाही बरं. वरच्या फळीवर ठेवला. दोन दिवस नुसत्या पट्ट्या बदलत राह्यली.

मी परीटकाकाशी भांडाले गेलो. "माह्यी नोकरी गेली असती, काका!" त्यायनं दोन्ही हात पुढं केले. बोटायचे शेंडे काळे, चिरलेले, साल निघालेली. "लहानपणापासून हाय, बापा. मले वाटे हे कामाचंच असते." माह्यं भांडण तिथंच संपलं. डॉक्टरीणबाई जे बोलल्या ते सारं त्यायले सांगतलं. ते म्हणे, "मंग खुणेले दोरा टाकतो आता. सुई तं हातात हायच."

मुदतीले दोन दिवस असताना मेडिकल झाली. मानेवर काळा डाग उरेल होता. तिथल्या डॉक्टरनं डोये मिटाले लावले अन् डागावर कापूस फिरवला. "लागतंय?" महारोगाचा डाग असन तं कापूस फिरवलेला कळत नाही म्हणे. मले इतका कळला का आंगावर काटा आला. "लागते, सायेब! लागते!" ते हासले अन् फिट लिहिलं.

सोमवारी रुजू होतो. खुशी हाय, पण थकलो. महिनाभर मी स्वतःलेच घाबरत होतो, अन् कारण इतकं लहान निघालं. तुमच्यासंग असं झालं काय? लोकं सरकून बसले काय? अन् कायनं झालं होतं, ते शेवटी कळलं काय तुमाले?