सांगलीपर्यंतची तालीम

जर्मनीला जायच्या आधी मला सांगलीला जाऊन यायचं होतं, आणि त्या सांगलीनंच माझ्या तोंडचं पाणी पळवलं.

यजमान साखर कारखान्यात फिटर. यंत्रांचं काम शिकायला जर्मनीला गेले आणि तिथंच नोकरीला लागले. मला बोलावून घेताना त्यांनी कळवलं, रजा मिळत नाही, तेव्हा विमानतळावरून पुढं रेल्वेनं एकटीनंच ये. इथं स्टेशनच्या फाटकावर तिकीट मागत नाहीत. तपासनीस डब्यात येतो, केव्हाही येतो. तिकीट शेवटपर्यंत जवळ ठेव, नसलं तर खाली उतरवतात.

ते ‘खाली उतरवतात’ माझ्या डोक्यातून जाईना. कुठं उतरवतात? एखाद्या माळावर? कोरेगावच्या बाजारालासुद्धा मी नणंदेचा हात धरून जाणारी. पण लग्न झाल्यापासून नवरा डोळे भरून पाहिला नव्हता, आणि इथं राहून तो दिसणार नव्हता.

मामंजी फौजेतले निवृत्त सुभेदार. त्यांना प्रत्येक गोष्टीची कवायत लागे. म्हणाले, “सूनबाई, आदी सांगलीला एकटी जाऊन ये. गेल्याचं तिकीट परत आणून माज्या हातात दे. आणलंस तर जर्मनी. न्हाईतर त्यालाच म्हणावं, ये माघारी.”

सकाळी कोरेगावला त्यांनी मला बायकांच्या डब्यात बसवलं. पुठ्ठ्याचं ते एवढंसं तिकीट मी पदराच्या गाठीत बांधलं. दर स्टेशनला गाठ सोडून बघायची आणि पुन्हा आवळायची. शेजारची बाई म्हणाली, “सोनं बांदलंय का काय गं?” मला हसूही येईना.

सांगलीला उतरले. फाटकाशी काळा कोटवाला उभा. पुढच्या बायका तिकीट त्याच्या हातावर ठेवून चालत्या होत होत्या आणि ते परत कुणालाच मिळत नव्हतं. मी पदराची गाठ सोडून तिकीट मुठीत घेतलं. आमच्या घरचे सगळे एसटीनं फिरणारे. एसटीचं तिकीट खिशातच राहतं. मामंजींनी रेल्वेचा प्रवास केला तो जन्मभर तिकिटाऐवजी फौजेच्या कागदावर. उतरताना तिकीट काढून घेतात हे घरात कुणाला ठाऊकच नव्हतं.

“तिकीट?”

“हाय. पर देणार न्हाई.”

“म्हणजे?”

“मामंजींस्नी दाखवायचं हाय.”

मागची माणसं खो खो हसली. कोटवाला हसला नाही. “बाई, पोलिसाला बोलावू का?” म्हणाला. दिलं तर जर्मनी गेली आणि न द्यावं तर तुरुंग. मी मूठ छातीशी धरली आणि भर फाटकात रडायला लागले.

“आवं सायेब, तिला सोडा. तिच्याकडं तिकीट हाय. माज्याकडं न्हाई.”

मी वळून बघते तर मामंजी! पटका घामानं भिजलेला, ओठ सुकलेले. कोरेगावला गाडी हलली तसं त्यांच्याच्यानं राहवलं नव्हतं. होते तसेच पळत जाऊन शेवटच्या डब्यात चढले होते, बिनतिकिटाचे. ज्यांच्यासमोर गावात कुणी मोठ्यानं बोलत नसे, ते एवढ्या लोकांत मान खाली घालून उभे होते.

“लय भ्या वाटलं, पोरी,” एवढंच म्हणाले.

त्यांनी दंड भरला. माझं तिकीट कोटवाल्यानं घेतलं ते घेतलंच, आणि त्याचा विषय मामंजींनी पुन्हा काढला नाही. परतीची दोन्ही तिकिटं मात्र त्यांनी माझ्या हातात दिली. कोरेगावला उतरताना म्हणाले, “जा तू.”

जर्मनीच्या गाडीत तपासनीस आला, तिकिटाला भोक पाडून त्यानं ते परत दिलं. माझं स्टेशन आलं तशी उतरले. खरंच, कुणी तिकीट मागितलं नाही. समोरून यजमान कामाच्या कपड्यांतच धावत येत होते. तिकीट मुठीत धरून मी मागं वळले आणि शेवटच्या डब्याकडे बघत राहिले. दार उघडं होतं. त्यातून कुणी उतरलं नाही. गाडी निघून गेली, आणि तेव्हा मला जी भीती वाटली, तशी सांगलीच्या फाटकातही वाटली नव्हती.