ठप्पा कुणाचा

नव्वदीच्या दशकात मी उज्जैनहून इंदूरच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला जायचो. बसमध्ये भैरवगढचा एक कापड छापणारा भेटायचा. नखांत मुरलेला लाल रंग, मांडीवर रक्ताचा कॅन्सर झालेली मुलगी. एकदा त्याने मुंबईहून आलेला इंग्रजी रिपोर्ट माझ्यापुढे धरला. दोन गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली होती. हा प्रकार औषधाला दाद देत नाही. वर्गात सांगावं तसं मी सांगून मोकळा झालो.

लाकडी ठप्पा मारावा तशी तो मुलीच्या फ्रॉकवर मूठ टेकवत राहिला.

“मतलब ठप्पा ही गलत कटा, मास्टरसाब. ठप्पा तो मेरा ही था ना?”

“नहीं, ये माँ-बाप से नहीं आता.”

मूठ थांबली. “तो फिर किसका था?”

मी रिपोर्ट उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.