गळ्यातलं दुसरीचं कार्ड

त्या हिवाळ्यात मी चाकणच्या एका कंपनीत पहिल्या शिफ्टला जायचे. धुक्यात बसमधून उतरायचे तेव्हा अजून अर्धी झोपेतच असायचे. गेटवरचे काका तिथल्याच गावचे. ते माझ्या गळ्यातलं कार्ड हातात घेत, फोटो बघत, मग माझ्याकडे बघत आणि म्हणत, "जा, बाई."

एकदा जेवणाच्या सुट्टीत माझी खोलीतली मैत्रीण म्हणाली, "अगं, तुझ्या गळ्यात माझं कार्ड आहे!"

खोलीत आमची कार्डं एकाच खिळ्याला टांगलेली असायची. चार दिवस मी तिचा चेहरा घेऊन आत जात होते आणि ती माझा. ती गोरी, गोल चेहऱ्याची. मी सावळी, हडकुळी. आम्ही खूप हसलो. पण मला आतून विचित्र हलकं वाटलं, जणू ते चार दिवस मी तिथे नव्हतेच.

सुटल्यावर काकांना विचारलं, चार दिवस फोटो दुसरीचा होता, तुम्हाला दिसलं कसं नाही? ते म्हणाले, "फोटो नुसता हातात धरायचा, बाई. माणूस मी चालीवरनं वळखतो. तू डावा पाय जरा ओढून चालतीस."

मला हे ठाऊकच नव्हतं. बसपर्यंत मी सावकाश चालत गेले, स्वतःचीच पावलं ऐकत.