पेडगावच्या बुलडोझरचा लाल दिवा

पोखर्णीच्या मुंजाजी मिस्त्रींना इंजिनाच्या बाबतीत ‘माझं चुकलं’ म्हणायची सवय नव्हती. इंजिन बंद पडलं तर दोष ड्रायव्हरचा, डिझेलचा, फार तर ग्रहदशेचा. वीस वर्षांत मिस्त्रींवर बोट ठेवणारा कुणी भेटला नाही, आणि ते स्वतः तर ठेवणारच नाहीत.

१९८८ चा दसरा होऊन दोनच दिवस झाले होते. पेडगावच्या शिवारात कालव्याच्या कामावर ठेकेदाराचा कोरा बुलडोझर आला होता आणि त्याची देखभाल मिस्त्रींकडं होती. रेडिएटरमधलं पाणी कमी झालं की ड्रायव्हरसमोर लाल दिवा लागायचा. सुटीनंतर तो लागला, तो विझेचना. ड्रायव्हर बन्सीधरनं पाणी भरलं, पुन्हा भरलं आणि शेवटी कंटाळून दिव्यावर टोपी टाकून कामाला लागला. नेमके तेव्हाच कामावर देखरेख करणारे अप्पाराव साहेब आले.

“बिनपाण्याचं इंजिन चालवतोस आणि दिवा झाकतोस? संध्याकाळी हिशेब घे आणि घरी जा.”

बन्सीधर मिस्त्रींकडं धावला. “मामा, तुमीच बघा. पाणी काठोकाठ हाय. मी कशाला खोटं बोलू?”

मिस्त्रींना त्याची दया आली. थोडा रागही आला, कारण टोपी टाकायच्या आधी त्यांना विचारायला काय झालं होतं? इंजिन गार होऊ दिलं, मग झाकण उघडलं. पाणी खरंच काठोकाठ. पाइप कोरडे, कुठं थेंब नाही. चालू केल्यावर उष्णतेचा काटाही जागच्या जागी. म्हणजे पाणी खरं बोलत होतं आणि दिवा खोटं.

रेडिएटरच्या टाकीत एक सेन्सर होता; त्याच्या दांडीला पाणी शिवलं की वीज पाण्यातून लोखंडात उतरायची आणि दिवा विझायचा. त्यांनी त्याची वायर काढून थेट लोखंडाला टेकवली. दिवा विझला.

“वायर ठीक हाय,” ते साहेबांना म्हणाले. “ह्या सेन्सरलाच पाणी लागंना झालंय.”

इंजिन पुन्हा बंद केलं, थोडं पाणी सोडलं आणि सेन्सर फिरवून बाहेर काढला. बोटभर दांडीवर जाड, तेलकट, शेंदरी थर बसला होता. मिस्त्रींनी तो लगेच ओळखला. खंडेनवमीला अवजारांची पूजा त्यांनीच केली होती. हा तर मशीनचा डोळा, म्हणून सेन्सर काढून धुतला होता आणि तेलात कालवलेला शेंदूर देवाला लावावा तसा भक्तीनं लेपून परत बसवला होता. त्या लेपातून दांडीला पाणी शिवणार कसं?

साहेब मागं उभे होते, पण त्यांना अजून काही दिसलं नव्हतं. चिंधीचा एक हात फिरवला की काम फत्ते. मिस्त्रींचं नाव राहणार आणि बन्सीधर घरी जाणार. मिस्त्रींनी चिंधी खिशात कोंबली आणि सेन्सर तसाच पुढं धरला.

“साहेब, हे माझं काम. शेंदूर मी लावला. बन्सीधरचा काही कसूर न्हाई.”

साहेबांनी सेन्सर हातात घेऊन थरावर नख ओढून बघितलं. “मिस्त्री, वर कळवावं लागेल. कागदावर तुमचं नाव येईल. लोक हसतील.”

“हसू द्या. लय वर्षं दुसऱ्यायवर ढकललंय मी,” मुंजाजी म्हणाले आणि सही करायला पेन मागितला.