टोपडं घातलेला वरवंटा

नातवाच्या बारशाला वरवंटा मीच बाहेर काढला. आमच्याकडे तो ओट्याखाली, सिलिंडरच्या मागे, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेला असतो. हिमायतनगरच्या ह्या फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा पाटा फार जड म्हणून जुन्या घरीच राहिला, वरवंटा तेवढा मी पिशवीत घालून आणला. वाटणघाटण सगळं मिक्सरमध्ये होतं, पण बारशाला वरवंटा लागतोच ना. बाळाला पाळण्यात घालायच्या आधी वरवंट्याला टोपडं घालायचं, काजळाचे डोळे काढायचे, कुंची बांधायची, आणि मग बायकांनी तो पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हातात द्यायचा, अगदी तान्हं मूल असल्यासारखा. काही वाईट यायचं असेल तर दगडावर येऊन जावं, असं सासूबाई सांगायच्या.

आणखीही एक सांगायच्या. बारसं उरकलं की त्याच संध्याकाळी वरवंटा धुवायचा आणि त्यानं काहीतरी वाटायचं. लसूण म्हणा, दाणे म्हणा. ज्याला बाळ म्हटलं त्याला परत दगड करायचं, तसाच ठेवायचा नाही.

नेमकं तेच मी केलं नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढं माहीत होतं तर का नाही केलं? पाटाच नव्हता हो, वाटू कशावर? आणि त्यात आमची मोठी नात. तिला तिसरं संपत आलेलं, त्या दिवशी रडून रडून लाल झालेली. झबली भावाला, खुळखुळे भावाला, येणारा प्रत्येकजण हिच्या गालाला हात लावून पाळण्याकडे वळत होता. मी तो टोपड्यातला वरवंटा तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "हे घे, हे तुझं बाळ." ती लगेच गप्प झाली. मला मोठं कौतुक वाटलं स्वतःच्या अकलेचं.

नातू फार शांत होता. पाहायला येणारे म्हणायचे, किती शहाणं बाळ आहे, रडत कसं नाही. सूनबाईला आधी त्याचा आनंदच झाला, पहिलीनं तिला फार जागवलं होतं. पण तीन आठवडे झाले तरी त्याचं वजन जन्मावेळच्यापेक्षा वाढेना. कावीळ होऊन उतरली होती, पण सुस्ती काही गेली नव्हती. छातीशी धरलं की दोन घोट घ्यायचा आणि झोपायचा. कोठीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई स्पष्टच बोलल्या. दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजा, पुढच्या गुरुवारी काटा पुढे सरकला नाही तर दाखल करून नळीनं दूध द्यावं लागेल.

मग सुरू झाला मोबाइलचा गजर. गजर वाजला की आम्ही दोघी लागायचो. तळव्यांना टिचक्या मार, ओल्या फडक्यानं कपाळ पूस, कपडे काढ. हातपाय थंडगार, डोळा काही उघडायचा नाही. माझा मुलगा दिवसभर ऑफिसात. घरात आम्ही दोघी, झोपलेलं बाळ, आणि कोपऱ्यात रजईवर आपलं बाळ घेऊन बसलेली पोरगी. रजई ओढत ओढत ती त्याला घरभर न्यायची. पाळण्याजवळ मात्र आणायचं नाही, असा मी दम दिला होता. दगडच तो, पडला असता म्हणजे?

सोमवारची दुपार. पडदे ओढलेले, पंखा बारीक केलेला. नात आतून आली आणि माझा पदर ओढून म्हणाली, "आजी, बाळ रडतंय."

मी पाळण्यात डोकावले. तो आपला निवांत. "कुठं गं? झोपलाय की तो."

"तो नाही. माझं."

मी हसले. तिच्या समाधानासाठी आत जाऊन रजईवरच्या वरवंट्याच्या टोपड्यावरून हात फिरवला, आणि हात तिथंच राहिला. दगड गरम होता, आणि टोपड्याची कपाळावरची कड ओली. आता, पोर तासभर मांडीवर घेऊन बसलेली, गरम होणारच. तिच्याच हाताचा घाम असेल. मी तसंच म्हटलं स्वतःला. तेवढ्यात बाहेर पाळणा करकरला. बघते तर नातवानं डोळे उघडले होते आणि तोंड वळवून काहीतरी शोधत होता. सूनबाईनं घेतलं, तर चांगली वीस मिनिटं प्याला.

मंगळवारी तीनदा असंच झालं. गजर वाजला की बाळ ढिम्म. पोरगी "रडतंय" म्हणाली की हा जागा. मी घड्याळाकडे बघायला लागले. आणि खोटं कशाला बोलू, ती बोलायच्या आधी मीही कान देऊन बसायला लागले. एकदा मला वाटलं, आतून काहीतरी ऐकू आलं. खूप बारीक. खाली गल्लीत मांजरं फार आहेत.

त्या रात्री सासूबाई फार आठवल्या. बुधवारी सकाळी सूनबाईनं नातीला आंघोळीला नेलं तेव्हा मी टोपडं, कुंची सोडवली, काजळ घासून काढलं आणि वरवंटा होता तिथं, सिलिंडरच्या मागे, ठेवून दिला. कपडे बादलीत भिजवले. कुणाला काही बोलले नाही.

पोरगी आली, रिकाम्या रजईकडे पाहिलं. मला वाटलं आता आकांत करेल. केला नाही. भिंतीकडे तोंड करून बसली. नऊला गजर वाजला, बाळ उठलं नाही. साडेअकराला वाजला, नाही. सूनबाईनं चमच्यानं दूध घातलं ते ओठांच्या कडेनं बाहेर आलं. उद्याच गुरुवार. मी पोरीजवळ जाऊन बसले आणि लाजत लाजत, हो, म्हातारी बाई तीन वर्षांच्या पोरीला लाजत विचारलं, "तुझं बाळ रडतंय का गं?"

"रडतंय," ती म्हणाली. "सिलिंडरपाशी. त्याला अंधारात नक्को."

मी तिच्यासमोर ठेवलेला नव्हता हो. ती न्हाणीघरात होती, दार लावलेलं होतं.

सूनबाईनं ते ऐकलं. शिकलेली मुलगी, नोकरीवाली, माझ्या उपासांनासुद्धा हसणारी. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आई, काढून द्या तिला ते. मला काही विचारू नका."

मी ओट्याखाली वाकले. दगड गार होता, चांगला गार. पदरानं पुसला आणि नातीच्या मांडीवर ठेवला. तिनं आपल्या फ्रॉकचा घोळ त्याच्यावर घातला, थोपटलं. सूनबाई पदर सावरून तयार होऊनच बसली होती. मी पाळण्याशी उभी. किती वेळ गेला सांगता येत नाही, मग पाळण्यात नातवाची बोटं हलली.

त्यानंतर आम्ही गजर लावलाच नाही. बुधवारचा दिवस, ती रात्र, पोरगी झोपेत कुशीवर वळून पुटपुटली तरी सूनबाई उठून बसायची. मुलाला आम्ही दोघींनी यातलं अक्षर सांगितलं नाही. आजतागायत नाही.

गुरुवारी कोठीला निघालो तेव्हा नातीला घरी कुणाजवळ ठेवणार, म्हणून बरोबर घेतलं. वरवंटा घरीच राहिला, रजईत. ती निघताना त्याला काही बोलली, ते मला ऐकू आलं नाही. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी बाळाला उघडं करून काट्यावर ठेवलं. काटा पुढे होता. फार नाही, पण होता. दाखल करायची गरज नाही, असंच पाजत राहा, म्हणाल्या. आणि काट्याचा गार पत्रा पाठीला लागला म्हणून असेल, नातवानं पहिल्यांदा तोंड उघडून टाहो फोडला. बाहेर बसलेल्या आयांनी माना वळवून पाहिलं. सूनबाई रडत होती आणि हसत होती.

परत येताना नारायणगुड्यापर्यंत तो रडतच होता. रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "अम्मा, बच्चे को भूक लगी." सूनबाईनं ओढणी पांघरून त्याला जवळ घेतलं. पोरगी माझ्या मांडीवर होती, बिस्कीट खात. मी तिला जवळ ओढून म्हटलं, ऐकलंस का भावाचा आवाज?

तिनं मान हलवली. मग बिस्किटाचा घास गिळून म्हणाली, "घरचं गप्प झालं आता."

घरी पोचलो. मी कुलूप उघडलं, चपला काढल्या, सूनबाईला पाणी दिलं, चहाचं आधण ठेवलं. आतल्या खोलीत आधी कोण जाणार, हा विषय आम्हा दोघींपैकी कुणीच काढला नाही. नात गेली. दुडूदुडू गेली आणि दारातच उभी राहून, आत रजईतल्या दगडाकडे बघत, बराच वेळ बिस्कीट खात राहिली; त्याला उचलायला काही गेली नाही.